उभी मोजणी

“पुढचे, उभे राहा. नाव, विषय आणि पद मोठ्याने सांगा,” असं म्हणून कलमताईंनी यादीवरून मान वर केली, तर समोर त्यांचा सख्खा थोरला भाऊ उभा.

अंगात निळा कोट, गळ्यात टाय, छातीवर कोरं करकरीत ओळखपत्र. कोटाच्या बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. दादाने नाव सांगितलं, मग “अर्थशास्त्र” म्हणाला, मग घसा खाकरून “विभागप्रमुख.” सगळं भिंतीकडे बघत.

यादीत ते नाव त्यांनी वाचलं होतं. नावासारखं नाव असतं माणसाचं, असं म्हणून बोट पुढे सरकलं होतं. आता ते तिथेच अडकलं.

खरं म्हणजे त्यांना आनंद व्हायला हवा होता. महिन्यापूर्वीच वहिनीचा फोन आला होता, “अगं, ह्यांना कायमची नोकरी लागली एकदाची!” कलमताई तेव्हा बैठकीच्या गडबडीत होत्या. “अरे वा, छान झालं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. कुठल्या महाविद्यालयात, हे विचारायचं राहिलं ते राहूनच गेलं. मग आपल्या नोकरीच्या जागी उभा असलेला माणूस भिंतीकडे का बघतोय?

त्यांनी मागच्या रांगेवर नजर टाकली. सगळ्यांचे कोट निळेच, एकाच ठाणातून फाडल्यासारखे, आणि एकाचाही धड मापाचा नाही. सकाळी रसायनशास्त्राच्या बाईंनी आपलं पद सांगण्याआधी गळ्यातल्या ओळखपत्रावर हळूच नजर टाकली होती. बावरल्या असतील बिचाऱ्या, असं कलमताईंना तेव्हा वाटलं होतं. आता त्यांना उमगलं. ही माणसं आजच्या दिवसापुरती आणलेली होती. दादासुद्धा.

आणि गंमत बघा, ही मोजणी कलमताईंचीच.

महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेत त्या नियम लिहायच्या. कलमं पाडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं, म्हणून सगळं कार्यालय त्यांना कलमताई म्हणे. पूर्वी महाविद्यालयं कागदावर शिक्षक दाखवत. एकच विद्वान एकाच वेळी तीन गावांत शिकवायचा, कागदावर. कलमताईंनी त्यावर उपाय काढला: समिती येईल त्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने तिच्यासमोर उभं राहून नाव, विषय, पद सांगायचं. उभा राहील तो मोजायचा. नियामक मंडळाने बाकं वाजवली होती. बाईंनी चोरांच्या नाड्या आवळल्या, असं स्वतः सचिव म्हणाले होते. कलमताई त्या आठवड्यात जरा ताठच चालत होत्या. पण त्यांचं काम टेबलावरचं. आज समितीबरोबर जाणारे सहकारी आजारी पडले, म्हणून त्या आल्या. आपलं कलम चालताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

“काय हो,” शेजारी बसलेले समितीचे अध्यक्ष पुटपुटले. निवृत्त कुलगुरू, जेवणानंतर डोळे मिटून ऐकणारे. नेमके आत्ताच ते उघडे होते. “ह्या गृहस्थांचं नाक थेट तुमच्यासारखं आहे. नात्यातले की काय?”

समितीतल्या कोणाचा नातेवाईक संस्थेत असेल, तर तिथल्या तिथे सांगायचं आणि मोजणीवरून उठायचं, हेही कलम त्यांचंच. त्यांचं आडनाव लग्नानंतर बदललं होतं. न सांगता कोणाला कळणार नव्हतं.

“छे हो,” कलमताई हसल्या. “मी कुठे ओळखते त्यांना!”

आणि हे बोलणं दादाच्या कानांवर गेलं. समोरच तर होता.

“बसा, सर,” त्या म्हणाल्या.

“आभारी आहे, मॅडम,” दादा म्हणाला आणि बसला.

ज्याने बाराखडी गिरवून घेतली, जोडाक्षर चुकलं की टपली मारली, त्या भावाने त्यांना मॅडम म्हटलं. कलमताईंचे कान तापले. पुढची नावं त्यांनी कशी मोजली, त्यांचं त्यांना माहीत.

चहाच्या सुट्टीत तो त्यांना हात धुण्याच्या जागेपाशी सापडला. बाह्या वर सरकवून, कोट भिजू नये म्हणून लांबून हात धूत होता.

“दादा, हे काय रे?”

“हळू बोल, तायडे.” त्याने मागे पाहिलं. “बरं केलंस, नाही म्हणालीस ते. माझी तर धडधड वाढली होती, तू काही बोलून बसतेस की काय. तू कधी येत नाहीस ना अशी.”

“बरं केलं? अरे, तोंडावर ओळख नाकारली तुझी!”

“मग काय गळ्यात पडणार होतीस?” तो हसला. नेहमीचंच हसला, हे त्यांना जास्त लागलं.

“वहिनी म्हणाली, कायमची नोकरी लागली.”

“असं सांगितलंय घरी.” त्याने नळ बंद केला. “डॉक्टरेट होऊन किती वर्षं झाली, तासिकेवरच फिरतोय, तुला माहीतच आहे. तिच्या माहेरी लग्न होतं. सगळे विचारतात, भावजी काय करतात? ती नुसती मान खाली घालून वाढायला निघून जायची. एक दिवस मीच म्हणालो, लागलो नोकरीला. निघून गेलं तोंडातून. आता परत कसं घेऊ?”

“आणि हे? हा कोट?”

“हे सुटं काम. समिती यायची असली की बोलावतात. ह्या कॉलेजात विभागप्रमुख, त्या कॉलेजात नुसताच प्राध्यापक. आमच्यात ह्याला ‘उभं राहणं’ म्हणतात. उद्या उभा राहतोस का, असा फोन येतो.” मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून तो म्हणाला, “तुझं कलम आल्यापासून बरे दिवस आलेत बघ आम्हाला. आधी नुसती कागदपत्रं मागायचे. आता माणूस लागतो. मी सगळ्यांना सांगतो, हे आमच्या ताईचं डोकं. म्हणजे, नाव नाही सांगत हं.”

कलमताईंना वाटलं, ह्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाड्या आवळल्या म्हणे! ज्यांच्या आवळायच्या, ते संस्थेचे संचालक आत काजू खात होते, आणि नाडी आवळली गेली ती ह्याची. वर हा आपलंच कौतुक करतोय. त्यांना इतकी लाज वाटली, की दादाच्या तोंडाकडे बघवेना.

“मोज मला नीट,” दादा म्हणाला. “आणि काही बोलू नकोस. घरी कळलं तर ती मोडून पडेल.” त्याने बाह्या खाली ओढल्या आणि विभागप्रमुखाच्या चालीने निघून गेला.

संध्याकाळी सभागृहात समारोप झाला. अध्यक्षांनी मोजणी वाचायला सांगितली. कलमताई उठल्या. खरं सांगायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. माईकही समोर होता. त्यांनी समोर पाहिलं. निळ्या कोटांच्या रांगेतून दादाने मान हलवली, इतकी थोडी, की फक्त बहिणीला कळावी.

“शिक्षकसंख्या नियमाप्रमाणे पुरेशी आढळली,” त्यांनी वाचलं. टाळ्या पडल्या. दादानेही वाजवल्या.

परतताना गाडी हमरस्त्याला लागते न लागते तोच फोन वाजला. वहिनी. तिचा आवाज मुळात असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. शेजारी अध्यक्ष, पुढे ड्रायव्हर.

“अगं, आत्ताच ह्यांचा फोन आला! तुझीच समिती होती म्हणे आज. बघितलंस का ग त्यांना कामावर?”

“बघितलं, वहिनी.”

“कसे दिसत होते? खरं सांग.”

“छान. रुबाबदार दिसत होते.”

“होय ना!” वहिनी हसली. “हे म्हणतात, तुझ्या त्या कलमामुळे कॉलेजांना जागा भरणं भाग पडलं, म्हणून माझा नंबर लागला. लहान आहेस तू माझ्याहून, नाहीतर पाया पडले असते बघ. आमची मान वर केलीस ग बाई.”

कलमताई काहीतरी “हो हो” म्हणाल्या. फोन मांडीवर ठेवला. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “गाडी परत वळवा.”

“काही राहिलं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझा भाऊ राहिला, सर. ते अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. सख्खा भाऊ आहे माझा. आणि तो तिथे नोकरीला नाही. तिथे बरेच जण नोकरीला नाहीत. आजची मोजणी खोटी आहे, आणि मी ती जाणूनबुजून वाचली.”

अध्यक्षांनी ड्रायव्हरला वळायची खूण केली. “नाक बघूनच वाटलं होतं,” एवढंच म्हणाले. मग, “अहवालात तसं लिहावं लागेल, बाई. तुमच्यासकट.”

“लिहा,” कलमताई म्हणाल्या. त्यांना फार हलकं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच नीट श्वास आला.

दादा महाविद्यालयासमोरच्या बसथांब्यावर उभा होता. कोट गेला होता, टाय गेला होता. घामाने चिकटलेला अर्ध्या बाह्यांचा सदरा तेवढा अंगावर. गाडी थांबताना बघून तो चटकन ताठ झाला. काचेआड अध्यक्ष दिसले, तसा त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि दोन पावलं पुढे आला.

“काही राहिलं का, मॅडम?”

“दादा, मी सांगितलं त्यांना. सगळं.”

दादाचा हात गुंडीपाशीच थांबला. “काय सांगितलंस?”

“तू माझा भाऊ आहेस म्हणून. मोजणी खोटी म्हणून. मला राहवेना रे. दिवसभर नुसती मेल्यासारखी झाले होते.”

“आता बरं वाटतंय?”

त्याने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. लहानपणी ताप उतरल्यावर कपाळाला हात लावून विचारायचा, तसंच विचारलं. कलमताईंनी मान हलवली आणि मग त्यांना कळलं, आपण काय केलं ते.

दादा थांब्याच्या बाकावर बसला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “कधीतरी होणारच होतं. तू खोटं बोलावंस असं मलाही वाटत नव्हतं.” मग त्याने वर पाहिलं. “फक्त एक सांग तायडे, तुझ्या वहिनीला आता कोण सांगणार?”

कलमताई त्याच्या शेजारी बसल्या. इतकी कलमं लिहिली होती त्यांनी, ह्यासाठी एकही नव्हतं.

बस आली. दार उघडलं. कंडक्टरने दोनदा विचारलं, “येताय का?” दोघांतलं कोणीच उठलं नाही, तेव्हा त्याने घंटी वाजवली.