सावळ्याच्या सप्ताहात पिवळं ग्रीस

या, जवळ सरका. चपला तिकडे काढा, ऐसपैस मांडी घाला, अन् तो मोबाईल उलटा ठेवा. एक गोष्ट सांगतो. तीत देव आहे, कीर्तन आहे आणि मोटारीचं ग्रीसही आहे. एवढ्यात हसू नका. ज्या माणसानं या तिघांची गाठ घातली तो हसण्याजोगा आहेच, पण तिथवर पोचायला थोडा वेळ लागेल.

जळगाव जामोदच्या अलीकडे आमचं गाव. दर माघात देवळात हरिनाम सप्ताह बसतो. सप्ताह चालू आहे तोवर वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा बदलतो, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली ठेवत नाहीत, अन् ती घेतलेला माणूस बसत नाही. शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाआधी, ती तुळशीरामबुवांच्या गळ्यात असते आणि ते आपल्या हातानं ती कीर्तनकाराच्या गळ्यात घालतात. तरुणपणापासूनचा त्यांचा मान. यंदा काल्याचं कीर्तन पुष्पांजलीताईंचं होतं, आणि बुवांचे गुडघे पार गेले होते. मला म्हणाले, "गुरुजी, हा आखरीचा पहारा. एकदा पुष्पांजलीताईच्या गळ्यात वीणा घातली का मी मोकळा. मंग बसूनच आयकीन." गुरुजी म्हणजे मी. शाळेतून निवृत्त झालो, कीर्तनातून होणार नाही.

आता भालचंद्रराव. सप्ताह समितीचे अध्यक्ष. निवडलं कोणी ते विचारू नका. खुर्ची रिकामी होती आणि हे उभे होते. मलकापूर रस्त्याला यांची कापसाची जिनिंग गिरणी. कापसाच्या सरकीपासून परमार्थापर्यंत सगळ्यातलं यांना कळतं, अन् दुसऱ्याला काही कळत असेल अशी शंकासुद्धा यांच्या मनाला कधी शिवत नाही. बोलायला लागले की ऐकणाऱ्याची जांभई हीसुद्धा त्यांना दादच वाटते.

काल्याच्या कीर्तनकाराला आपल्याच गाडीतून आणायचं, हा यांचा हट्ट. दिवाळीच्या सुमारास त्या गाडीच्या पुढच्या चाकामागचा रबरी बूट फाटला. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला सांधा असतो. चाक वळलं तरी फिरणं तुटू न देणारा. त्याला म्हणतात सीव्ही जॉइंट. त्यातलं ग्रीस धूळ लागू न देता आत ठेवायचं, हे त्या बुटाचं काम. बूट फाटला, ग्रीस चाकभर उडालं. मी कामानं नांदुऱ्याला निघालो होतो, म्हणून त्यांच्याच गाडीत बसून शालूबाईच्या दुकानात गेलो.

शालूबाईचं स्पेअर पार्टचं दुकान. बाई नांदुऱ्यात जिभेसाठी प्रसिद्ध. तिनं बूट काढून दिला आणि सोबत ग्रीसची काळीकुट्ट पुडी काउंटरवर आपटली.

"हे भरा. मोलीवालं. पयले जुनं सारं धुऊन काढा, मंग हे. आतल्या बाजूच्या जॉइंटचं ग्रीस येगळं येते, तिकडे हे कोंबू नका."

भालचंद्ररावांनी नाक वर केलं. "काळं?"

"काळंच असते. त्याच्यात मोलीची भुकटी असते. आतल्या गोळ्या दाबाखाली लोखंडावर घासतात, तवा तेल बाजूले सरकते, हे भुकटी तिथंच चिकटून राह्यते. साध्या ग्रीसले ते जमत नाई."

"हे पाय बाई, या गाडीत कीर्तनकार बसणार हायेत. काल्याच्या दिवशी. शुभकार्याच्या गाडीले काळं फासत असते काय? माह्या जिनिंगवर ग्रीसचा डबा हाय. पिवळंधमक, हळदीवानी. त्याच्यावर माही जिनिंग दिवसरात्र फिरते, ही टिचभर गाडी नाई फिरणार?"

"जिनिंग कधी वळणावर वळते का हो, मालक?" शालूबाई म्हणाली. "अन् काळं चालत नाई म्हणता, त देवळात कोणत्या रंगाचा देव बसवला?"

"देवाची गोष्ट येगळी."

"हाव. देव बिचारा बोलत नाई ना."

मी म्हटलं, भालचंद्रराव, घेऊन टाका, बाई बरोबर सांगते. तर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर पांढऱ्या खडूनं लिहिलं, तुमाले काय कळते ग्रीसमधलं?" बूट तेवढा घेतला. जिनिंगवर जाऊन जुनं काळं धुण्याचीही तसदी न घेता वरून पिवळं दाबलं. वर चाकाला हळदकुंकू. एवढ्या भक्तिभावानं चूक करताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही.

गाडी रोज जिनिंगला जात राहिली. दोन जातींची ग्रीसं एकमेकांशी पटेनात, आतल्या आत ताकासारखी पातळ झाली आणि बुटाच्या कडेनं पाझरू लागली. माघ लागला तसा प्रत्येक वळणावर आवाज यायला लागला. कट, कट, कट.

काल्याच्या सकाळी मलकापूर स्टेशनावर पुष्पांजलीताई उतरल्या. मी घ्यायला गेलो होतो. गाडी स्वतः भालचंद्रराव चालवत होते, कारण सत्कारात ड्रायव्हरचा फोटो आला असता तर? पहिल्याच वळणावर कटकट सुरू झाली.

"टाळ वाजून राह्यले, ताई," भालचंद्रराव खुशीत म्हणाले. "शुभ हाय."

ताई थोडा वेळ कान देऊन बसल्या. "भाऊ, हा टाळ वळणावरच कसा वाजतो? अन् लय जागेवर नाही त्याची."

नांदुरा मागे टाकलं. जळगावच्या रस्त्याला एका वळणावर मोठ्ठा कडकडाट झाला आणि गाडी थांबली. इंजिन गुरगुरत होतं, भालचंद्रराव पाय दाबत होते, चाक मात्र ढिम्म हलेना. खाली वाकून पाहिलं तर सांधाच निखळलेला, आणि त्यातून पिवळट-काळं पाणी ठिबकत होतं.

"रस्ता खराब हाय," भालचंद्रराव म्हणाले. रस्ता कालपरवाच डांबरी केलेला, आरशासारखा.

तेवढ्यात फोन. बुवांच्या घरच्या, वच्छलाबाई. "गुरुजी, कुठी हा? कधीचे उभे हायेत ते. पाय लटलट कापून राह्यले. लोकं म्हणतात, आम्ही घेतो वीणा, बसा. त हे म्हणतात, ताईच्या गळ्यात घालीन तवाच बसीन."

भालचंद्ररावांनी माझ्या हातून फोन ओढला. "वहिनी, पंगत बसवून टाका. मी जिनिंगवरून दुसरी गाडी बलावतो, कीर्तन मंग होईन."

"वीणा उभी असतानी पंगत?" तिकडून एवढ्या जोरात आलं की ताईंनाही ऐकू गेलं. "तुमी या नाई त नका येऊ, मालक. ताईले पाठवा."

मागून जळगावची एसटी येत होती. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. कंडक्टरनं दोन शिव्या घातल्या, मग ताईंचा बुक्का पाहून गप झाला. ताई चढल्या, मागोमाग मीही. भालचंद्रराव म्हणाले, "ताई, अशा गर्दीत? थांबा ना, माही गाडी येतेच." ताई दारातून म्हणाल्या, "तुमच्या गाडीपायी एका म्हाताऱ्याचे पाय जाऊन राह्यलेत, भाऊ." एसटी सुटली.

वाटेत मी ताईंना काळ्या-पिवळ्या ग्रीसची सगळी कथा सांगितली. फाट्यापासून आम्ही दोघं अक्षरशः धावलो. देवळात शिरलो तेव्हा तुळशीरामबुवा खांबाला पाठ लावून उभे होते. धोतर थरथरत होतं, डोळे मिटलेले, ओठ मात्र हलत होते. वीणा छातीशी. ताईंनी आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बुवांनी डोळे उघडले, वीणा काढली, कुणाला धरू दिलं नाही, आणि ताईंच्या गळ्यात घातली. मग बसले नाहीत, कोसळलेच म्हणा. वच्छलाबाईंनी मांडी दिली.

कीर्तन असं रंगलं की सांगता सोय नाही. अर्ध्यावर भालचंद्रराव दुसऱ्या गाडीतून आले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले, घाम पुसत, जणू गाडी यांनीच खांद्यावर आणली. ताईंनी मूर्तीकडे हात केला. "पाहा कसा काळा आहे. सांभाळून बसा हं, भालचंद्रभाऊ. फासला जाईल." सगळं देऊळ हसलं. भालचंद्ररावही हसले. त्यांना वाटलं, आपलं नाव कीर्तनात आलं.

नंतर त्यांनी नवा सांधा बसवला. काळं ग्रीस शालूबाईच्या दुकानातून ड्रायव्हरकरवी आणवलं, स्वतः गेले नाहीत. आता गावात सांगतात, काळंच भरावं, हा माझा अनुभव आहे.

तुळशीरामबुवा त्या दिवसापासून काठीशिवाय उठत नाहीत. कीर्तन बसूनच ऐकतात. तसंच ठरलं होतं, पण असं नव्हतं ठरलं. तेव्हा तुम्हाला एकच मागतो. कधी कोणी जाणत्यानं सांगितलं की हे भरा, ते नको, आणि तुमच्या तोंडाशी आलं की त्यानं काय फरक पडतो, तर क्षणभर थांबा, आणि त्या खांबाशी उभ्या तुळशीरामबुवांना आठवा.