जेवणघरातला श्वास

"या टिकल्यांना गोंद लावायचं विसरले काय?" लोर्ना माझ्या कानाशी पुटपुटली. "लावली की पडते, लावली की पडते. वॉशिंग्टनहून एवढा पैसा आला, त्यात गोंद नाही बसला?"

समोर भिंतीवर तीन मोठे तक्ते होते. साथीच्या वेळी केंद्र सरकारने आमच्या टॅनर्स बेंड शहराला मदतनिधी दिला होता. त्यातला उरलेला पैसा वर्ष संपण्याआधी कुठल्यातरी कामाला लावायचा होता, नाहीतर तो परत जाणार होता. म्हणून नगर परिषदेने लोकांना बोलावलं होतं. प्रत्येकाला तीन लाल टिकल्या द्यायच्या, आवडेल त्या कामाच्या तक्त्यावर त्याने त्या चिकटवायच्या आणि परिषदेने लगेच मत द्यायचं. आमच्याकडे बाकं कुठे ठेवायची हेसुद्धा असंच ठरतं.

एका तक्त्यावर वाचनालयाचं छप्पर होतं, दुसऱ्यावर टॅनरी स्ट्रीटचं गटार आणि तिसऱ्यावर 'श्वासमंदिर'. श्वासमंदिराच्या तक्त्याला जणू गोवर आला होता. गटाराच्या तक्त्यावर मोजून चार टिपके.

सभाही भरली होती ती मंदिराच्या जागेतच, म्हणजे बंद पडलेल्या मेपल रेस्ट वृद्धाश्रमाच्या जेवणघरात. जमिनीवर चाकाच्या खुर्च्यांचे ओरखडे तसेच होते. साथीत इथली माणसं एकामागून एक गेली, लोर्नाची आई पर्लसुद्धा. तेव्हापासून गावात या इमारतीचं नाव कुणी घेत नसे. रस्ता सांगताना लोक म्हणायचे, "पेट्रोलपंपावरून डावीकडे." खरं तर वृद्धाश्रम पंपाच्या आधी लागतो, आणि खूण म्हणूनही तोच सोपा आहे.

मग वसंतात सिस्टर व्हेल्डा आली आणि याच जेवणघरात गेलेल्यांचा श्वास ऐकवू लागली; इथे श्वासमंदिर बांधायचं, ही कल्पना तिचीच. पांढरा झगा, गळ्यात चांदीची शिट्टी. ही शिट्टी कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

"माझ्या सोन्यांनो," आजही तिने सुरुवात केली, "मरण म्हणजे काय? फोन सायलेंटवर टाकणं! तुमची माणसं गेलेली नाहीत, फक्त रेंजबाहेर आहेत. आणि या घराची ही नाभी, इथे रेंज येते!"

नाभी म्हणजे फरशीच्या मधोमध असलेली पाणी जायची गोल जाळी. तिच्यावर लेसचा रुमाल, भोवती मेणबत्त्या, त्याभोवती लिलीच्या फुलांचे ढीग. वास असा की डोकं धरावं. बाहेर संध्याकाळ उतरत होती आणि कुणीतरी आतले दिवे मालवले. सिस्टर नदीकडच्या काचेच्या दाराकडे तोंड करून, हात पसरून उभी राहिली. बराच वेळ ती नुसती बघत राहिली.

"पर्ल," ती हळूच म्हणाली, "श्वास सोड, बाळा."

आणि जमिनीखालून आवाज आला. लांब, ओला, छातीत कफ साठलेल्या माणसासारखा. लेसचा रुमाल उचलला गेला. सगळ्या ज्योती एकदम बाहेरच्या बाजूला वाकल्या.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. तरी माझ्या हातांवर काटा आला.

"आता घे," थोड्या वेळाने ती म्हणाली. ज्योती आत वाकल्या, रुमाल जाळीला चिकटला. लोक रडत होते. मागच्या रांगेतल्या एका बाईला भोवळ आली. "आला, तिच्या अंगात तिचा नवरा आला!" कुणीतरी ओरडलं.

लोर्नाने तिन्ही टिकल्या श्वासमंदिराला दिल्या होत्या. तीच लोर्ना, जी टॅनरी स्ट्रीटवर राहते, जिच्या तळघरात मोठा पाऊस झाला की गटाराचं पाणी वर येतं, आणि जिची नात ज्युनी त्या ओलीत वर्षभर खोकते.

"अगं, तुझ्या तळघराचं काय?" मी म्हटलं.

"तळघर धुता येतं," ती डोळे पुसत म्हणाली. "आई कुठे मिळते?"

मी तिचा हात धरला.

तेवढ्यात कोवालचिक बाई उठल्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या. निम्मं गाव त्यांचे विद्यार्थी, परिषदेचा अध्यक्ष ड्वेन हॅचरसुद्धा.

"ड्वेन, माझी तीन मिनिटं दे." सभेत प्रत्येकाला बोलायला तेवढीच मिळतात, मग घंटी वाजते.

"बाई, आज लोकांच्या भावना..."

"भावना असू देत. मला बादलीभर पाणी पण लागेल." मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जरा त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहता का?"

"आत्मे नदीकडून येतात, मावशी."

"येऊ द्या की. तुम्ही कशाला वाट बघत उभ्या?"

दोन-चार जण हसले. आता नाही म्हणणं सिस्टरला जड होतं. ती वळली. "सोड, पर्ल!" काही नाही. "पर्ल, लेकरा, सोड!" ज्योती सरळच. सिस्टर म्हणाली, पर्ल लाजतेय. ती पाण्याचा घोट घ्यायला वळली आणि नेमका तेव्हाच तो आवाज आला. रुमाल उडाला.

"आता सगळ्यांनी बाहेर बघा," बाई म्हणाल्या.

काचेपलीकडे, टॅनरी स्ट्रीटच्या तोंडाशी गटाराच्या पंपाची टपरी आहे. तिच्यावरचा तांबडा दिवा लागलेला होता. तो दिवा आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. पंप चालू असला की लागतो, म्हणून टॅनरी स्ट्रीटची माणसं आधी तो बघतात आणि मगच संडासात पाणी सोडतात. पोरांना आधी हे शिकवतात, मग रस्ता ओलांडायला. आम्ही पाहत असताना दिवा विझला. ज्योती आत वाकल्या.

कुणीतरी शेजारून बादली भरून आणली. बाईंनी रुमाल बाजूला केला आणि बादली जाळीत रिकामी केली. आम्ही थांबलो. दिवा पुन्हा लागला. ज्योती सरळ होत्या. आवाज नाही.

"प्रत्येक जाळीखाली नळाला बाक असतो, खाली वाकून वर येणारं वळण," बाई म्हणाल्या. "त्यात पाणी उभं राहतं, म्हणून गटाराची हवा वर येत नाही. हे घर बंद झालं, पाणी तोडलं, बाक सुकला. पंप खालच्या गल्लीचं घाण पाणी वर ढकलतो, त्यापुढची हवा या उघड्या तोंडातून बाहेर पडते. पंप थांबला की ती मागे खेचली जाते. डोळ्यांतून पाणी, डोकं जड, भोवळ, हा त्याच हवेचा प्रताप. फुलं आहेत ती वास झाकायला. आणि तिच्याभोवती तुम्ही मेणबत्त्या लावता! एखाद्या दिवशी पेटली असती."

सिस्टरने शिट्टी मुठीत धरली. "या बाईने पाणी ओतून तुमच्या आयांची तोंडं बंद केली!"

खरं सांगते, लोक चिडले ते बाईंवर. "काय मिळालं तुम्हाला?" एक जण ओरडला. तो श्वास भयंकर होता, पण आता पडलेली शांतता त्याहून भयंकर होती. इतक्या महिन्यांनी ती खोली खरोखर रिकामी झाली होती.

"बाई," हॅचर खालच्या आवाजात म्हणाला, "लोकांना निरोप घेता आला नाही. आत सोडलं नाही कुणाला. थोडा दिलासा मिळत असेल तर..."

"दिलाशाला माझी ना नाही, ड्वेन. पण दुःख खरं आहे म्हणून त्यावर रचलेली गोष्ट खरी ठरत नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे कशाने होतं? दाखवणाऱ्याला जागचं हलवलं तरी होतं का? असं विचारल्याने गेलेल्यांचा अपमान होत नाही. आणि ज्या गटाराच्या हवेला तुम्ही पर्ल म्हणताय, तेच गटार ज्युनीच्या खोलीत चढतं. खरी घरघर तिच्या छातीत होते. ती ऐका."

घंटी वाजली. बाई बसल्या.

लोर्नाने माझा हात सोडला. ती मधोमध गेली, गुडघे टेकले आणि जाळीवर तळवा ठेवला. मला वाटलं, आता ती बाईंना शिव्या देणार.

"गटाराला द्या पैसे," उठत ती म्हणाली.

"लोर्ना, तू आज दमलीस," हॅचर म्हणाला. "आईचा निरोप घेता आला नाही, यात तुझा काय दोष? आपल्याला आत सोडलंच नव्हतं."

"आत सोडलं नव्हतं. पण खिडकीशी यायला बंदी नव्हती, ड्वेन. आश्रमवाल्यांनी तशी पाटी लावली होती, गवतावर खुर्च्या मांडल्या होत्या. आत तुझे वडील होते, माझी आई होती. पहिल्या आठवड्यानंतर आपल्यातलं कुणीच आलं नाही."