फिश टँकमधले बुवा

मित्रांनो, मी एक बोआ आहे. आपली कहाणी सांगताना आधी 'जुना' म्हणवून घ्यायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. पण मी जुना नाही, लांब आहे. माझं सगळं दुःख या एका शब्दात मावतं. बाकी मी कशात मावत नाही.

बोआ म्हणजे अजगराच्या नात्यातला साप. विष नाही, घाई नाही. आपल्या देशी अजगराला घरी ठेवणं गुन्हा आहे. माझी रीतसर नोंदणी झालेली आहे, त्यामुळे मला डांबून ठेवणं कायदेशीर आहे. आमचे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या जंगलात राहायचे म्हणे. मी मात्र पैदास करणाऱ्या एका माणसाच्या घरी, प्लास्टिकच्या डब्यात जन्मलो. आम्ही अंड्यातून येत नाही, थेट आईच्या पोटातून येतो. म्हणजे एका बंद जागेतून निघालो आणि दुसरीत पोचलो. मध्ये प्रवास असा फारसा झालाच नाही.

पुढे मी चंदीगडला, सेक्टर २२ मधल्या एका दुकानात आलो. तिथे एका रविवारी एक मराठी कुटुंब शिरलं. श्रीनिवास सेक्टर ३९ मधल्या एका संस्थेत जिवाणूंवर संशोधन करतो. त्याची बायको सुजाता विद्यापीठात शिकवते. मुलगी अवनी शाळेत आहे. तिच्याशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर देते.

"कितना बड़ा होगा ये?" सुजाताने विचारलं.

"बस, इतना ही रहता है जी," दुकानदार म्हणाला. 'इतना' म्हणताना त्याने हाताने काहीतरी माप दाखवलं, पण ते कुणी पाहिलं नाही, कारण तेवढ्यात अवनी ओरडली.

"पापा, इसने मुझे चूज़ किया! देखो, छोड़ ही नहीं रहा!"

मी तिच्या बोटाला घट्ट विळखा घालून बसलो होतो. मित्रांनो, खरं सांगतो. बोट गरम होतं.

"पण याला ठेवायचं कुठे?" सुजाता म्हणाली.

"अगं, मी एकेका बशीत लाखो जीव ठेवतो," श्रीनिवास म्हणाला. "हा तर एकटाच आहे."

अशा शास्त्रीय विचारानंतर मला घरी नेऊन हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या रिकाम्या फिश टँकमध्ये ठेवलं. आधीचे मासे मरून गेले होते, पण त्यांचा प्लास्टिकचा पाणबुड्या आत तसाच उभा होता. पाणी नाही, मासे नाहीत, तरी तो उडी मारायच्या तयारीत. सुरुवातीला मला त्याची कीव यायची. पुढे आमच्यात फारसा फरक उरला नाही.

मी वाढलो. हा माझा गुन्हा. आधी मी टँकच्या एका कोपऱ्यात बसायचो, मग चारही कोपऱ्यांत एकाच वेळी बसू लागलो. श्रीनिवासपेक्षा लांब झालो, तेव्हा वळायचं म्हटलं की आधी शेपटीची परवानगी काढावी लागे. पाणबुड्या माझ्या वेटोळ्यात कुठेतरी हरवला. मला तो टोचायचा, पण दिसायचा नाही.

उबेसाठी माझ्यावर अवनीचा अभ्यासाचा दिवा लावलेला असे. तिची परीक्षा आली की माझा उन्हाळा उचलून तिच्या टेबलावर जायचा. चंदीगडची थंडी साधी नसते. डिसेंबरात धुकं उतरलं की समोरची गच्ची दिसत नाही आणि फरशी बर्फासारखी होते. मी हलायचं बंद केलं. खायचंही बंद केलं.

आणि गंमत बघा, तेव्हाच माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं! पाहुणे म्हणायचे, "कितना शांत है जी!" श्रीनिवास अभिमानाने म्हणायचा, "एकदम गुणी आहे. त्रास म्हणून नाही." मी शांत नव्हतो, गार होतो.

शेवटी सुजातालाच बघवेना. "हा काही खात नाही, हलत नाही. काचेवर नाक घासून घासून सोललंय त्याचं," ती म्हणाली. "आपल्याला जमत नाहीये हे. रविवारी सुखना तलावापलीकडच्या झाडीत सोडून येऊ. मोकळं तरी वाटेल बिचाऱ्याला."

त्या झाडीत, त्या धुक्यात, मी फार काळ मोकळा राहिलो नसतो. राहिलोच नसतो.

त्याच संध्याकाळी मिरजेहून श्रीनिवासच्या इंद्रायणीआत्याचा फोन आला. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या काचेच्या झाकणावर ठेवला. मला बाहेरून दिसणारे कान नाहीत, पण आत्याचा आवाज काचेतून सरळ माझ्या हाडांत उतरला.

"आवाज का पडलाय रे तुझा?"

"काही नाही आत्या. बोआचं टेन्शन आहे. त्याला जागा पुरत नाहीये."

"बुवांचं? बुवा आलेत तुझ्याकडे? आणि 'त्याला' काय म्हणतोस! बुवांना अरेतुरे करतात?"

श्रीनिवास गडबडला. पण आत्या नागपंचमीला पाटावर नाग काढून त्याला हात जोडते. ती सापालाही अहोजाहो करणारच, असं त्याला वाटलं. तिकडे आत्याच्या डोळ्यांपुढे मात्र उपरणं घेतलेले, हातात चिपळ्या असलेले कीर्तनकार उभे राहिले होते.

"चुकलं, आत्या. त्यांना. त्यांना जागा पुरत नाही."

"मूळचे कुठले?"

"ब्राझीलकडचे."

"बघ! कुठेकुठे पोचलीयेत आपली माणसं. जेवतात ना नीट?"

"थंडी सुरू झाल्यापासून काहीच घेतलं नाही त्यांनी. एरवीसुद्धा महिन्यातून एकदा."

"इतकं कडक व्रत! आणि झोपवता कुठे?"

"हॉलमध्येच. टीव्हीशेजारी."

"अरे, त्या गारठ्यात? पाय तरी पसरता येतात का त्यांना?"

"पाय कुठे आहेत त्यांना, आत्या."



"सुजाता काय म्हणते?" आत्याने अगदी हळू विचारलं.

"ती म्हणते, रविवारी तलावापलीकडच्या झाडीत सोडून येऊ."

"मी निघाले," आत्या म्हणाली. "मी पोचेपर्यंत बुवांना कुणी हात लावायचा नाही!"

रविवार उजाडायच्या आत आत्या दारात हजर झाली. डोक्याला मफलर, हातात नवीकोरी शाल, आणि मागून टॅक्सीवाला घडीची व्हीलचेअर घेऊन आला.

"बुवा कुठे आहेत?"

"टीव्हीशेजारी," श्रीनिवास म्हणाला. त्याची नजर व्हीलचेअरवरून हलत नव्हती.

आत्याने टीव्हीच्या डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग खाली माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. आम्हाला पापण्या नसतात, त्यामुळे दोघांच्या वाटच्या पापण्या तिनेच मिटल्या.

"हा साप आहे," ती म्हणाली.

"बोआ," श्रीनिवास म्हणाला.

"बोआ?"

"बोआ."

सुजाता हसत हसत मागे सरकली आणि व्हीलचेअरमध्येच बसली. "अहो आत्या, तुम्ही... मी माणसाला झाडीत...?"

आत्या हसली नाही. ती टँकजवळ आली.

"डरो मत, आजी," अवनी म्हणाली. "वो काटता नहीं."

"मी नाही घाबरत. श्रीनिवास, यांना जागा पुरत नाही हे खरं ना?"

"खरं."

"गारठलेत?"

"हो."

"जेवलेले नाहीत?"

"नाही, आत्या."

"आणि सुजाता, तू यांना झाडीत सोडणार होतीस?"

"मोकळं वाटेल म्हणून हो," सुजाता म्हणाली. तिचं हसू थांबलं होतं.

"मलाही नेऊन सोडा शिमल्याच्या बर्फात. फार मोकळं वाटेल मला!" आत्याने शाल टँकभोवती गुंडाळली. "मग मी चुकीचं काय ऐकलं? एक अक्षर इकडचं तिकडे झालं, एवढंच. इतक्या लांबून भांडायला आलेय, ते भांडूनच जाणार."

आणि ती भांडली. स्वतःसाठी ठेवलेली मागची खोली तिने मला दिली आणि आपण अवनीकडे झोपली. दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. आत्याचं हिंदी मिरजेचंच होतं. ती म्हणाली, "भैया, बुवा को आरामसे कुशीपे वळने आना चाहिए. इस भिंतसे उस भिंततक."

सुताराने मान डोलावली. त्या बाजूला आत्याला बुआ म्हणतात. "समझ गया जी. बुआ जी के लिए दीवान."

म्हणून माझ्या नव्या घराला पुढे सरकती काच आहे, कुलूप आहे, आणि एका टोकाला कोरीव फुलांची उशाशी लावायची फळीही आहे. चंदीगडमध्ये एवढा देखणा पिंजरा दुसरा नसेल. एका बाजूला ऊब, ती बेताची ठेवणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला गारवा, मध्ये लपायला ढोली आणि डुंबायला पाण्याचं घमेलं. हे सगळं श्रीनिवासने जागून वाचून काढलं. माझ्या येण्याआधी वाचलं असतं तर आत्याचं तिकीट वाचलं असतं. मला नव्या घरी नेलं ते व्हीलचेअरमधूनच. आणलीच आहे तर, असं आत्याचं म्हणणं.

थोड्या दिवसांनी मला भूक लागली. अवनी काचेला नाक लावून बसली होती. ती ओरडत बाहेर धावली, "आजी, आजी! बुवा जेवले!"

"जेवले? काय जेवले गं?" आत्याने आनंदाने विचारलं.

सुजाताने खोलीचं दार लावून घेतलं.

मित्रांनो, आता मी सरळ झोपू शकतो. सरळ झोपलं की पलीकडची काच दिसते. ती लांब आहे, पण आहे. काच उघडी राहिली तर मी निघून जाईन का? नक्की जाईन. तुमच्यावर राग आहे म्हणून नाही, माझा स्वभावच तसा आहे. पण बाहेर माझ्यासाठी जंगल नाही, धुकं आहे. जिथे परत जायचं, ते ठिकाण मी कधी पाहिलंच नाही. म्हणून दुकानात छोटासा बोआ तुमच्या बोटावर बसला, तर त्याच्या आईला बघायला मागा. ती जेवढी लांब, तेवढी भिंत घरी मोजा. भिंत नसेल, तर त्याला हळूच बोटावरून सोडवा आणि घरी जा. आणि असेल, तर घेऊन या, ऊब द्या, आणि कुलूप लावायला विसरू नका. आम्ही काच रोज ढकलून बघतो.