डोक्यावरचं ढेकूळ

मित्रांनो, आधी हसून घ्या. मी एक जुनं आडनाव आहे: ढेकळे. झालं हसून? आता ऐका.

माझा जन्म निजामाच्या अमलात, झरीच्या शिवारात, भर उन्हात झाला. धुरपदाबाई नावाच्या विधवेचं शेत दिराने बांध कोरून कोरून गिळलं होतं. तेव्हाचा रिवाज असा, की दावा सांगणाऱ्याने शेतातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन, देवाला स्मरून चालायचं. चालेल ती हद्द. खोटं चालला तर वंश बुडतो, अशी समजूत. दिराचा पाय काही उचलेना. धुरपदाबाई मात्र पदर खोचून चालली, पदरात दोन लेकरं असताना चालली. त्या दिवसापासून गाव तिच्या पोरांना ढेकळे म्हणू लागलं. मी बापजाद्यांच्या वतनातून आलो नाही, एका बाईच्या हिमतीतून आलो.

पुढे वंश वाढला. मी पालमला दुकानाच्या पाटीवर चढलो, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर कारखान्याच्या अड्ड्यांवर राहिलो, पार पुण्यापर्यंत गेलो. कुठेच मान खाली घातली नाही.

यंदा मात्र घरचाच घाव बसला. पालमच्या बालाजीची लेक सृष्टी दहावीला. हजेरीला माझा उच्चार झाला की वर्ग फिदीफिदी हसायचा. बालाजीने ठरवलं, बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी मला काढून ‘झरीकर’ लावायचं. दहावीच्या सर्टिफिकेटावरचं नाव जन्मभर चिकटतं. म्हणजे या घरातून माझी कायमची हकालपट्टी. मला राग आला, खरंच सांगतो.

अर्जासाठी जुनी कागदपत्रं हवी होती. ती होती बालाजीच्या आत्याकडे, झरीत माहेरचंच शेत कसणाऱ्या बायनाबाईंकडे. बालाजी सृष्टीला घेऊन झरीला गेला, पण त्यांनी कागद काढलेच नाहीत. सृष्टीला बांधावर नेलं, धुरपदाबाईची हकिकत सांगितली आणि एक ढेकूळ उचललं.

“हे डोक्यावर घे अन् त्या बाभळीपतोर चालून ये. मंग बी बदलावं वाटलं, तर कागद देते.”

सृष्टी चालली. निम्म्या वाटेत ढेकूळ फुटलं, माती केसांत, डोळ्यांत गेली. ती थांबली नाही. परतल्यावर बालाजी तिचे केस झटकू लागला, तर तिने त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या, पप्पा. नाव हाय तेच लिवायचं.”

मित्रांनो, आडनाव बदलायचा हक्क तुमचाच आहे. पण टाकण्याआधी एवढं विचारा, की याच्यासाठी कोण उन्हातून चाललं होतं. मला जपायला देव्हारा लागत नाही, ताठ मान पुरते. मार्चमध्ये हॉल तिकिटावर मला बघा: ढेकळे सृष्टी बालाजी.

आता हसा.