पानचट कॉफी

लकवा मारल्यापासून उमरावच्या तोंडून एकच शब्द निघायचा, 'हो'. भूक लागली तरी हो, पाय दुखला तरी हो. गोंदियाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या बायकोला, गंगाला बजावलं होतं, त्यांना विचारत राहा, बोलतं करा. म्हणून ती मुर्री गावातल्या घरी दिवसभर विचारत राहायची. धानाच्या रोवणीहून चिखलाच्या पायांनी यायची, त्याला पुसून काढायची, कपडे बदलायची आणि पुन्हा विचारायची.

चहाने त्याला जळजळ व्हायची, म्हणून मुलगी रेणू फुलचूरहून कॉफीच्या पुड्या आणून ठेवायची. एका दुपारी दूध कमी पडलं. शेजारी मागायला जायचं त्राण गंगाला नव्हतं, तिने सरळ पाणी ओतलं. एक घोट पाजून सवयीने विचारलं, "कशी झाली जी?"

"पानचट," उमराव म्हणाला.

गंगाने बशी खाली ठेवली आणि रेणूला फोन लावला. ऐकून रेणू रडली आणि संध्याकाळी नवऱ्याला घेऊन आली. शेजारचा चुन्नीलालही येऊन बसला. पुन्हा कॉफी झाली, उमरावने ती सगळ्यांसमोर कडू ठरवली. सगळे पोटभर हसले.

मग शब्द येतच गेले. जळकी. थंडी. गोडमिट्ट. सारे कॉफीचेच, आणि सारे खोड काढणारे. पाणी दे, बस जरा, यातलं काहीच नाही. आज बाबा काय म्हणाले, म्हणून रेणू रोज विचारायची. सांगताना आवाजात आनंद लागायचा, तो गंगा कुठून तरी आणायची. धडधाकट होता तेव्हाही तो नावं ठेवल्याशिवाय जेवत नसे, हे तिला आता आठवायला लागलं होतं.

निंदण सुरू झालं. एके दिवशी ती धानाच्या बांधीतून आली तेव्हा कंबर पार धरली होती. तिने कॉफी केली, त्याच्या खाटेसमोर खाली बसली आणि कप आपल्याच तोंडाला लावला. अर्धी पिऊन झाल्यावर वर पाहिलं. उमराव तिच्याकडेच बघत होता.

"आज मी सांगतो," ती म्हणाली. "चांगली झाली. म्हना, चांगली."

त्याचे ओठ हलले, थांबले. ती घाई न करता पीत राहिली.

"चांगली," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

तळाशी उरलेली तिने त्याला पाजली. कशी झाली, ते विचारलं नाही.