बूचसरांची बंद बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही ठेवला नव्हता, आणि त्यातल्या एकाला त्यापायी मिशी गमवावी लागली. पण मित्रांनो, खरे ते खरे. ज्या दिवशी माझ्या तोंडाला बूच बसले आणि त्यावर मेण ओतले गेले, त्या दिवसापासून आजपर्यंत पाण्याचा एक थेंब माझ्यात बाहेरून आला नाही आणि हवेचा एक घोट माझ्यातून बाहेर गेला नाही. तरी माझ्या पोटात एक नेचा, तुमच्या भाषेत फर्न, जगला. नुसता जगला नाही, बाळसे धरून जगला.

माझा जन्म भट्टीतला. वाळू ही माझी आई, सोडा बाप आणि चुनखडी मावशी. ज्या कारागिराने मला नळीच्या टोकावर फुगवले तो असा दमदार होता की एकदा त्याला शिंक आली तर समोर डझनभर पेले तयार होऊन पडले. त्याचीच फुंकर माझ्या पोटात भरली. फुंकर म्हणजे काय, तर माणसाने वापरून टाकलेली हवा: थोडी वाफ, थोडा कार्बन डायऑक्साइड. कारागिराला ती नकोशी होती. मला मात्र ती वारशात मिळाली.

तिथून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत आले. पहिली काही वर्षे माझ्यात फॉर्मॅलिन आणि एक साप होता. साप मेलेला होता हे मला मान्य आहे. पण परीक्षेच्या दिवसांत तो पोरांना उत्तरे सांगायचा. शेपटी डावीकडे वळली तर बरोबर, उजवीकडे वळली तर चूक. समोरून बघणाऱ्याचे डावे ते सापाचे उजवे, हे त्या बिचाऱ्यांच्या लक्षात आले नाही. त्या शाळेत इतकी मुले नापास का होत, हे आता तुम्हाला कळले असेल.

पुढे साप विरघळून त्याच्या चिंध्या झाल्या आणि मला फेकायला काढले. तेव्हा जीवशास्त्राचे सर मधे पडले. सर तरुण होते, खिशात भिंग ठेवायचे आणि बोलता बोलता कोणाच्याही हाताचे कातडे त्यातून बघायचे. त्यांनी मला सोड्याने घासले, उन्हात वाळवले आणि भरायला घेतले. तळाला खडे, त्यावर कोळशाचा चुरा, त्यावर माती, मातीवर शेवाळाची गादी. मधोमध शाळेच्या विहिरीच्या कठड्यातून काढलेला बोटभर नेचा. मातीबरोबर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे किडेही आले, न बोलावता, पाहुणे येतात तसे. सरांनी पेलाभर पाणी घातले, बूच ठोकले, मेण ओतले आणि वर्गाला सांगितले की आता हिला कोणी हात लावायचा नाही. हिला काही लागत नाही.

मित्रांनो, हे कसे, ते नीट ऐका, कारण हा भाग मात्र पुस्तकातही सापडेल. पानांतले हरितद्रव्य दिवसा उजेड पकडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांकडून आलेले पाणी घेऊन पान साखर बनवते आणि उरलेला प्राणवायू सोडून देते. ही साखर चहात घालायची नव्हे. तिचीच साखळी करून नेचा आपल्या पेशींच्या भिंती बांधतो, आणि तिलाच हळूहळू जाळून दिवसरात्र जगायची ताकद मिळवतो. त्या जळण्याला श्वसन म्हणतात. त्यात प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड परत हवेत येतो. किडे तेच करतात, मातीतले जिवाणू तेच करतात, तुम्हीही आत्ता तेच करत आहात. एखादे पान मेले की बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. त्यातले नत्र मातीत उतरते, मुळे ते उचलतात आणि नव्या पानाची प्रथिने तयार होतात. पाणी पानांतून वाफ होऊन निघते, माझ्या अंगावर घामासारखे जमते आणि ओघळून पुन्हा मातीत जाते. माझ्याकडे कचरेवाला कधी आला नाही, कारण माझ्याकडे कचरा नावाची वस्तूच नव्हती. कारागिराच्या फुंकरीतला कार्बन नेच्याने खाल्ला, नेच्याचे पान किड्याने खाल्ले, किड्याने तो श्वासातून सोडला आणि नेच्याने पुन्हा खाल्ला. मधे साप आणि फॉर्मॅलिन असताना ती फुंकर कुठे दडून बसली होती, असे कोणी विचारू नये. मोठ्यांना उलट प्रश्न विचारत नाहीत.

शाळेचे हेडसर हे सगळे ऐकून खो खो हसले. झाडाला पाणी घातले नाही तर ते मरते, हे त्यांच्या निरक्षर आजीलाही ठाऊक होते म्हणे. ही बरणी वर्षभर हिरवी राहिली तर मिशी उतरवीन, असे ते सर्वांसमोर बोलून बसले. वर्ष झाले. नेचा माझ्या बुचाला डोके टेकवून उभा होता. हेडसरांनी शब्द पाळला, पण मिशीखाली वरचा ओठ जवळजवळ नव्हताच असे निघाले. घरी गेले तर बायकोने दारातूनच विचारले, कोण पाहिजे? त्या दिवसापासून जीवशास्त्राच्या सरांचे नाव बूचसर पडले. पुढे नवे हेडसर आले. त्यांना खेळातले चषक मांडायला माझ्या जागेचे फळकूट हवे होते. बूचसर मला मांडीवर घेऊन बसमधून घरी निघाले. वाहकाने माझ्याकडे पाहून अर्धे तिकीट मागितले.

घर लहान होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. घरात सर, त्यांची बायको आणि शाळकरी लेक. बायकोला मी बाई म्हणते. मला उत्तरेच्या खिडकीत, बाईंच्या शिवणयंत्राशेजारी जागा मिळाली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी नव्हे, आधी बरणी. घसा कोरडा पडलेला माणूस प्रकाशसंश्लेषण ऐकून घ्यायचा, मग त्याला पाणी मिळायचे. एकदा अशाच मंडळींसमोर बाईंनी थट्टेने विचारले, "लग्न माझ्याशी केलंत की बरणीशी?"

"बरणीशी," सर म्हणाले. "तिला काही लागत नाही."

सगळे हसले. बाईही हसल्या. लेक तेवढी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाई रोज मला फडक्याने पुसायच्या. काय गं, बरी आहेस ना, असे विचारायच्या. बुचावरची धूळही काढायच्या. ते काम जरा वेळखाऊ असावे, कारण कधी कधी त्यासाठी बाई, सर शाळेत गेल्यावर, दाराला आतून कडी घालायच्या. धूळ फार चिवट असते, मित्रांनो.

वर्षे गेली. लेक शिकली, दवाखान्यात क्ष-किरणांच्या खोलीत नोकरीला लागली, दूरच्या गावी राहायला गेली. सर निवृत्त झाले आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. आपल्याकडे कोणी काही मागत नाही याचा त्यांना मोठा आनंद होता. बाई हळूहळू फिकट होत होत्या. जिना चढताना मधेच कठडा धरून उभ्या राहायच्या. शिवणयंत्राचे पायडल मारता मारता थांबायच्या आणि कापडावर हात ठेवून नुसत्या बसायच्या. रक्तातल्या लाल पेशींमध्ये लोह असते, तेच प्राणवायूला धरून अंगभर पोचवते, हे सरांनी जन्मभर शिकवले होते. फळ्यावर रंगीत खडूने ते त्या पेशी फार सुरेख काढत. घरी त्यांनी भिंगातून माझा नेचा पाहिला.

एका सुट्टीत लेक आली. तिने आईची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेले. आजार रक्तात होता आणि खूप पुढे गेला होता. बाई परत आल्या नाहीत.

"बाबा, तुम्हाला दिसलं कसं नाही?" लेकीने विचारले.

"ती काही बोलली नाही," सर म्हणाले. हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले. त्यात लबाडी नव्हती. असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

मग सरांनी घरालाच बूच लावले. येणेजाणे बंद, शेजाऱ्यांकडे बसणे बंद, लेकीचा फोन वाजत राहायचा. उचललाच तर म्हणायचे, मला काही लागत नाही. ती रागावली, रडली, चल माझ्याकडे म्हणाली. सरांनी तिला माझा दाखला दिला. ही बरणी कोणाशिवाय जगते, मीही जगेन. ज्या दिवशी हिच्यातला नेचा मरेल त्या दिवशी मला न्यायला ये. बाईंची शिवणपेटी, चष्मा, साड्या त्यांनी कपाटात कोंडल्या. शिवणयंत्रावर झाकण घातले. मला पुसायचे मात्र त्यांना कधी सुचले नाही.

आणि मित्रांनो, आता जे सांगते ते सांगायला मला बरे वाटत नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या अंगावरचा घाम कमी झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो येईनासा झाला. शेवाळ तपकिरी पडले, किडे दिसेनासे झाले. माती कडेने काचेपासून सुटली आणि मधे फट पडली. नेच्याची पाने एकेक करून खाली लोंबली. पूर्वी मेलेले पान बुरशी खाऊन टाकायची. आता बुरशीलाही ओल मिळेना, त्यामुळे मेलेली पाने तशीच अंगावर राहिली, वाळलेल्या बोटांसारखी.

सर हैराण झाले. पदार्थ नष्ट होत नाही. जे पाणी आत होते ते आतच असले पाहिजे. मग गेले कुठे? त्यांनी तर्क लढवले. पाणी पेशींच्या भिंतींत अडकले असेल. कोळशाने धरून ठेवले असेल. खिडकी बदलली, पडदा लावला, पडदा काढला, भिंग घेऊन माझ्याभोवती फिरले. बुचाचा संशय त्यांना एकदाही आला नाही. बूच ही झाडाची साल असते, मेणाला बारीक तडे जातात आणि वाफेला सुईच्या अग्राएवढी वाट पुरते, हे एखाद्या पोराने उत्तरपत्रिकेत लिहिले असते तर त्यांनीच त्याला पूर्ण गुण दिले असते.

या उन्हाळ्यात सर मोरीत घसरून पडले. उठता येईना. हाकही मारली नाही. कितीतरी वेळाने खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना छतातून पाणी ठिबकताना दिसले. ती आईला घेऊन वर आली, दार फोडावे लागले. लेक पहिल्या गाडीने आली. पायाला पट्टी बांधून सर खुर्चीत बसले होते, माझ्याचसमोर. लेक आत त्यांचे कपडे पिशवीत भरत होती, आणि सर तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होते की नेचा अजून मेलेला नाही, तेव्हा आपण कुठेही येणार नाही. ते खरे होते. बुडाशी एक पान अजून हिरवे होते. तेही कडेने वळले होते.

खालची दोन मुले सरांना बघायला आली. सरांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग चढला. त्यांनी मुलांना जवळ बसवले आणि सगळे सांगितले: विहिरीचा कठडा, बूच, मेण, हेडसरांची मिशी. मुलगा मिशीला हसला. मुलगी माझ्या काचेला नाक लावून बघत होती.

"पण आजोबा, हे तर सुकलंय," ती म्हणाली.

"विश्रांती घेतंय."

"पाणी घाला ना मग."

"उघडायची नाही," सर म्हणाले. "उघडली की संपलं. मग ती साधी कुंडी. कुंडी काय कोणाच्याही घरी असते."

"पण ते मरेल ना."

"मरू दे. पण बंद मरेल."

आत पिशवी भरण्याचा आवाज थांबला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते. माझीही तयार होती, आणि सर तीच मुलांना सांगत होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आवाज वर्गातल्यासारखा लागला होता. बाळांनो, नीट बघून ठेवा, ते म्हणाले. हिने इतकी वर्षे कोणाकडे घोटभर पाणी मागितले नाही. कोणी तिला ते दिले नाही. ज्याला जगायचे आहे त्याला कोणी काही दिले नाही तरी...

"आई द्यायची, बाबा."

लेक दारात उभी होती. तिच्या हातात सरांचा सदरा अर्धवट घडी केलेला होता.

"दर उन्हाळ्यात तुम्ही घराबाहेर पडलात की आई हिचं बूच काढायची, पाणी घालायची, वर पुन्हा मेण ओतायची. मी दारावर उभी राहायचे. आणि विहिरीवरचा तुमचा नेचा मी दहावीत असतानाच मेला. हा तिसरा आहे."