प्लग लावलाय का?

मित्रांनो, कॅनडातील सस्काचेवानच्या एका खेड्यात खिडकीपाशी बसलेला मी एक घरगुती संगणक आहे. माझी पांढरी पेटी आता पिवळी पडली आहे.

कारखान्यात जुळणी होताना माझ्या स्मरणाची, म्हणजे मेमरीची, पट्टी खाचेत नीट बसली नाही. दुकानात कोणी मला सुरू करून पाहिले नाही. तसाच मी नेट्टी ड्यूकबाईंना विकला गेलो. त्यांची दृष्टी मंदावत होती. दूर राहणाऱ्या बहिणीची पत्रे भाऊ कोर्नी वाचून दाखवी. "अर्धा मजकूर तू गिळतोस," असे बाई त्याला सुनावत. बहिणीने संगणक घेतला होता. आता ईमेलने येणारी तिची पत्रे माझ्या पडद्यावर बोटभर अक्षरांत स्वतःच वाचायची, हा बाईंचा निश्चय होता.

मी मात्र नुसता घरघरलो. पडदा काळाच राहिला. बाईंनी मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून कुठल्याशा उबदार शहरातील आवाज म्हणाला, "प्लग लावलाय का?"

आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून उभ्या गाडीला विजेचा प्लग लावून ठेवतात. बाईंनी अंगणात पाहिले.

"लावलाय की! नाहीतर इंजिन गोठेल ना."

"इंजिन?"

"मग काय, घोडा?"

पलीकडच्याने पुढे काही विचारलेच नाही. ग्राहकाने यंत्र मोटारीला जोडले, हमी रद्द, अशी नोंद करून त्याने फोन ठेवला.

बाईंनी मला दुकानात नेऊन गल्ल्यासमोर ठेवले. विक्रेता ब्रेंट मदतकेंद्राची नोंद वाचून हसला. "आजी, गाडीला कोणी संगणक जोडतं का?"

"चल गं नेट्टी, घरी जाऊ," कोर्नी पुटपुटला.

"तू गप रे." बाईंनी खुर्ची ओढली आणि ठाण मांडले. "ब्रेंट, प्लग लावलाय का?"

ब्रेंटची मान आपसूक बाहेरच्या गाडीकडे वळली. "लावलाय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग त्याने मुकाट्याने माझी पेटी उघडली, पट्टी दाबली आणि मी उजळलो.

"आता अक्षरं मोठी कर. अजून मोठी. मला दिसेपर्यंत मी इथून हलायची नाही."

त्या आठवड्यात बाईंनी बहिणीचे पहिले पत्र कोणाच्याही मदतीशिवाय वाचले, आणि मग पुन्हा एकदा, सावकाश.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी मी रागावणार नाही. पण मदत मागायला आलेल्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.